भारतातील दूरध्वनी क्रमांकांची रचना

दूरध्वनी क्रमांक म्हणजे दूरध्वनीच्या जाळ्यातील एका विशिष्ट जोडणीपर्यंत पोहोचण्यासाठी ठरवून दिलेली अंकांची मालिका होय. भारतात स्थिर दूरध्वनी (लँडलाइन) आणि भ्रमणध्वनी (मोबाइल) या दोहोंचा राष्ट्रीय क्रमांक दहा अंकी असतो. ही समानता मात्र अंकसंख्येपुरतीच आहे. स्थिर दूरध्वनीचा क्रमांक हा एक प्रकारचा पत्ता असून त्याच्या आरंभीच्या अंकांवरून शहर किंवा तालुका ओळखता येतो. भ्रमणध्वनीच्या क्रमांकावरून आज फोन करणारा कोठे आहे हे कळत नाही आणि तो कोणत्या कंपनीचा ग्राहक आहे हेही खात्रीने सांगता येत नाही. जुन्या सवयीने भ्रमणध्वनी क्रमांकही पत्त्यासारखाच वाचला जातो व त्यातून अनेकदा फसगत होते. म्हणून क्रमांकातील कोणता भाग काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन्ही समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखातील उदाहरणे मुख्यत्वे यवतमाळ जिल्हा, आर्णी परिसर व वऱ्हाड येथील आहेत.

अंकांची उतरंड

यवतमाळ शहरातील एखाद्या स्थिर दूरध्वनीचा पूर्ण क्रमांक +९१ ७२३२ २क्षक्षक्षक्षक्ष असा लिहिता येईल. येथे 'क्ष' म्हणजे कोणताही अंक. ९१ हा भारताचा देशसंकेतांक, ७२३२ हा यवतमाळचा स्थानिक संकेतांक आणि उरलेले सहा अंक म्हणजे ग्राहक क्रमांक. टपालाच्या पत्त्यात आपण आधी घर, मग गाव, मग जिल्हा लिहितो. दूरध्वनी क्रमांकात हा क्रम नेमका उलटा असतो. याचे कारण यंत्राच्या कामात आहे. जुन्या स्वयंचलित केंद्रांत ग्राहक तबकडी फिरवून एकेक अंक पाठवीत असे आणि प्रत्येक अंकासरशी केंद्रातील निवडयंत्र एकेक पायरी पुढे सरकत असे. पहिल्या अंकाने मोठी दिशा ठरे, शेवटच्या अंकाने घर सापडे. ती यंत्रे केव्हाच मोडीत निघाली, परंतु क्रमांकाची घडण त्यांनीच ठरवून दिलेली आहे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमानुसार देशसंकेतांकासह कोणताही क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठा असू शकत नाही. भारताचा क्रमांक ९१ धरून १२ अंकी होतो.

देशसंकेतांक व अधिक चिन्ह

जगाची विभागणी संकेतांकाच्या पहिल्या अंकानुसार केलेली आहे. उत्तर अमेरिकेला १ हा अंक आहे. ९ च्या विभागात भारताखेरीज पाकिस्तान (९२), अफगाणिस्तान (९३), श्रीलंका (९४), म्यानमार (९५), मालदीव (९६०), इस्रायल (९७२) आणि नेपाळ (९७७) हे देश येतात. बांगलादेश मात्र ८८० घेऊन आठच्या विभागात आहे.

क्रमांकाच्या आरंभी असलेले + हे चिन्ह म्हणजे 'तुमच्या देशातून परदेशी फोन करण्यासाठी जे अंक आधी लावावे लागतात ते येथे लावा' अशी सूचना होय. भारतातून हे अंक ०० असे आहेत. हे चिन्ह आणि देशांतर्गत दूरध्वनीसाठी लावले जाणारे ० यांत गल्लत करू नये. इचलकरंजीचा संकेतांक ०२३० आहे, तर मॉरिशसचा देशसंकेतांक +२३० आहे. कोल्हापूर ०२३१, तर पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया +२३१. सांगली ०२३३, तर घाना +२३३. मॉरिशसमध्ये मराठी भाषकांचा जुना समाज असल्याने पहिली जोडी योगायोगाने गमतीची ठरते. परंतु अपरिचित क्रमांकावरून आलेला 'मिस्ड कॉल' पाहून, सांगलीचा असेल असे समजून उलट फोन करणाऱ्यास हा फरक महागात पडू शकतो.

दुकानांच्या पाट्यांवर व लेटरहेडवर कधी कधी '+९१ ०७२३२' असे लिहिलेले दिसते. ते चूक आहे. + ९१ लावल्यावर मधले शून्य गळते.

शून्याचे काम

०७२३२ मधील ० हा यवतमाळच्या संकेतांकाचा भाग नाही, तरी तो संकेतांकाला जोडूनच लिहिण्याची प्रथा आहे. हे शून्य स्थानिक केंद्राला एवढेच सांगते, की हा फोन आपल्या क्षेत्राबाहेरचा आहे, तो ट्रंक मार्गाकडे सोपवा. म्हणूनच कोणाही ग्राहकाचा क्रमांक ० ने सुरू होत नाही. १ ने सुरू होणारे क्रमांकही ग्राहकांना दिले जात नाहीत. ते सेवांसाठी राखून ठेवलेले आहेत. काही वर्षे राज्यांतर्गत फोनसाठी ० ऐवजी ९५ लावण्याची पद्धत होती. ती पुढे बंद झाली, तरी जुन्या लग्नपत्रिका आणि हिशेबाच्या वह्या चाळताना ९५७१२ असा नागपूरचा क्रमांक अजूनही आढळतो.

ट्रंककॉलचा काळ

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. लहान गावांत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हाताने जोडणी करणारी केंद्रे होती आणि तेथील क्रमांक दोन किंवा तीन अंकी असत. परगावी बोलायचे तर ट्रंककॉल नोंदवून वाट पाहावी लागे. त्याचे साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे चढत्या दराचे प्रकार होते. विशिष्ट व्यक्तीलाच बोलावून द्यावयाचा कॉल 'पी. पी.' म्हणजे पर्टिक्युलर पर्सन या नावाने नोंदवला जाई. ही अक्षरे पुढे लग्नपत्रिकांवर रूढ झाली. स्वतःकडे फोन नसलेली मंडळी शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा क्रमांक छापून त्यापुढे 'पी. पी.' लिहीत. त्या काळी क्रमांक एका व्यक्तीचा क्वचितच असे, तो बहुधा आळीचा असे.

मधल्या ऑपरेटरशिवाय ग्राहकाने थेट परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजेच एसटीडी, भारतात प्रथम १९६० मध्ये कानपूर व लखनौ या शहरांदरम्यान सुरू झाली. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणाला संकेतांक असणे अपरिहार्य झाले. खेड्यांपर्यंत स्वयंचलित केंद्रे पोहोचण्यास आणखी अडीच दशके लागली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने उन्हाधुळीत वातानुकूलनाविना चालणारे लहान ग्रामीण केंद्र विकसित केले. १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे असे केंद्र बसवण्यात आले. त्यानंतरच्या काळात पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ दुकाने गावोगावी निघाली आणि संकेतांकांचा तक्ता भिंतीवर टांगलेला दिसू लागला.

स्थानिक संकेतांक आणि वऱ्हाडचा नकाशा

संपूर्ण देशाची विभागणी सुमारे २,६०० लहान आकारणी क्षेत्रांत केलेली आहे. दूरसंचार खात्याच्या भाषेत त्यास एसडीसीए म्हणतात. एका क्षेत्राला एक संकेतांक असतो. हे क्षेत्र बऱ्याच ठिकाणी महसुली तालुक्याशी जुळते, परंतु सर्वत्र नाही. अशी अनेक क्षेत्रे मिळून एक मोठे आकारणी क्षेत्र बनते.

शून्यानंतरचा पहिला अंक देशातील मोठा विभाग दाखवतो. दिल्ली ०११, मुंबई ०२२, कोलकाता ०३३ आणि चेन्नई ०४४ या चार महानगरांना सोपे जोड-अंक मिळाले आहेत. २ चा विभाग महाराष्ट्र व गुजरात यांचा, असे साधारणतः सांगितले जाते. ते विदर्भाला लागू होत नाही. विदर्भ ७ च्या विभागात असून त्यात त्याचे सोबती मध्य प्रदेश व छत्तीसगड आहेत: इंदूर ०७३१, भोपाळ ०७५५, जबलपूर ०७६१, रायपूर ०७७१.

दुसऱ्या अंकावर आल्यास चित्र अधिक बोलके होते. अमरावती ०७२१, यवतमाळ ०७२३२, अकोला ०७२४, वाशीम ०७२५२, बुलढाणा ०७२६२. वऱ्हाडातील पाचही जिल्ह्यांची मुख्यालये ०७२ या एका छत्राखाली येतात. नागपूर ०७१२, गडचिरोली ०७१३२, वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२, गोंदिया ०७१८२ व भंडारा ०७१८४ ही ०७१ मध्ये आहेत. म्हणजे आजचे अमरावती व नागपूर हे दोन महसुली विभाग संकेतांकाच्या दुसऱ्या अंकातच वेगळे दिसतात. मात्र ०७१ राज्याच्या सीमेवर थांबत नाही. मध्य प्रदेशातील बैतूल (०७१४१) व छिंदवाडा (०७१६२) हेही त्यातच आहेत. संकेतांकांचा नकाशा तारांचा आणि ट्रंक केंद्रांचा आहे. राज्याच्या सीमेशी तो जुळेलच असे नाही. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते, बैतूल-छिंदवाड्याचा व्यवहारही नागपूरशी होता, हे लक्षात घेतल्यास या नकाशाचे नवल वाटत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात शिरल्यावर तिसरा अंकही पुष्कळदा समान आढळतो: उमरखेड ०७२३१, यवतमाळ ०७२३२, पुसद ०७२३३, दिग्रस ०७२३४, वणी ०७२३९. आर्णी हे अरुणावती नदीकाठचे तालुक्याचे गाव यवतमाळहून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. या मार्गाने दक्षिणेस जाताना उमरखेडनंतर पैनगंगा ओलांडली, की मराठवाडा सुरू होतो आणि संकेतांकही ०७ सोडून ०२ वर येतो (नांदेड ०२४६२). एकाच राज्यातील, एकाच रस्त्यावरील आणि बोलीनेही जवळच्या दोन काठांवरील गावे दूरध्वनीच्या नकाशात अशी निरनिराळ्या विभागांत पडली आहेत. गोव्याची गतही तशीच आहे. त्याचा संकेतांक (०८३२) बेळगावच्या (०८३१) शेजारचा, परंतु भ्रमणध्वनीसाठी गोवा महाराष्ट्राच्या सेवाक्षेत्रात मोडतो.

आर्णीच्या टपाल पत्त्याशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. तेथील पिनकोड ४४५१०३ असा आहे. यातील पहिला ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या टपाल विभागाचा, ४४५ हे यवतमाळ भागाच्या टपाल-वर्गीकरणाचे आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. (ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी संस्कृत कवीही होते.) त्याच घरातील दुचाकीचा क्रमांक एमएच २९ ने सुरू होतो, तो मात्र निव्वळ राज्य व परिवहन कार्यालय दर्शवतो. एकाच घराला तीन खात्यांनी तीन नकाशांवर बसवले आहे.

संकेतांक कोठे संपतो?

काही संकेतांक शून्य वगळता दोन अंकी (मुंबई २२, पुणे २०), काही तीन अंकी (नागपूर ७१२, अमरावती ७२१) तर काही चार अंकी (यवतमाळ ७२३२) असतात. अंक सलग येत असताना संकेतांक संपून ग्राहक क्रमांक कोठे सुरू झाला, हे यंत्राला कसे कळते? विद्यार्थ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. उत्तर असे, की कोणताही संकेतांक दुसऱ्या संकेतांकाचा आरंभ असत नाही. ७२१ हा अमरावतीला दिल्यावर ७२१० किंवा ७२१५ असा संकेतांक कोणत्याही गावाला देता येत नाही. उलट ७२३१, ७२३२, ७२३३ असे चार अंकी संकेतांक दिल्यामुळे नुसता ७२३ कोणालाच मिळत नाही. त्यामुळे मध्ये स्वल्पविराम किंवा रिकामी जागा नसतानाही क्रमांकाचा अर्थ एकच लागतो. लहान संकेतांक अशा रीतीने पुष्कळ जागा अडवतो, म्हणून तो मोठ्या शहरांपुरताच ठेवला जातो.

ग्राहक क्रमांक

संकेतांक जितका लहान तितका ग्राहक क्रमांक मोठा; बेरीज दहाच भरली पाहिजे. मुंबईत २ अधिक ८, नागपुरात ३ अधिक ७, यवतमाळात ४ अधिक ६. पूर्वी ही बेरीज नऊ होती. पुण्याचा जुना संकेतांक ०२१२ व ग्राहक क्रमांक सहा अंकी होता; पुढे संकेतांक ०२० होऊन ग्राहक क्रमांक सात अंकी झाला, तरी बेरीज नऊच राहिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी देशभर जुन्या क्रमांकांमागे २ हा अंक जोडण्यात आला आणि क्रमांक दहा अंकी झाले. दूरसंचार क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाल्यावर ग्राहक क्रमांकाचा पहिला अंकच कंपनी दाखवू लागला. २ हा भारत संचार निगम व (मुंबई-दिल्लीत) महानगर टेलिफोन निगम यांचा. ३, ४, ६ असे अंक खासगी कंपन्यांचे. त्यानंतरचे एक-दोन अंक शहरातील किंवा तालुक्यातील विशिष्ट दूरध्वनी केंद्राचे आणि उरलेले अंक त्या केंद्रातील प्रत्यक्ष तारेचे असतात.

यवतमाळसारख्या क्षेत्रात २ ने सुरू होणारे सहा अंकी क्रमांक एक लाख होतात, तर मुंबईत २ ने सुरू होणारे आठ अंकी क्रमांक एक कोटी. लहान क्षेत्रांतील बहुसंख्य क्रमांक न वापरता पडून राहतात आणि ते मुंबईला उसनेही देता येत नाहीत. या पद्धतीचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

आणखी एक उणीव नोंदवण्याजोगी आहे. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकल्यास संगणक तो क्रमांक नाकारतो. दूरध्वनी क्रमांकात असा ताळा घेणारा अंक नाही. एक अंक चुकला, की फोन बहुधा दुसऱ्या खऱ्या माणसाला लागतो. फोनवरून पैसे पाठवताना हे विशेष ध्यानात ठेवावे.

भ्रमणध्वनी क्रमांक

भारतातील पहिला भ्रमणध्वनी कॉल ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू व केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात झाला. भ्रमणध्वनीला गावाचा संकेतांक देणे शक्य नव्हते, कारण तो गावात थांबत नाही. म्हणून देश मोठ्या सेवाक्षेत्रांत विभागला गेला. मुंबई हे स्वतंत्र सेवाक्षेत्र, तर उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. आर्णी आणि पणजी येथे एकच. दहा अंकांपैकी पहिले चार किंवा पाच अंक कंपनी व सेवाक्षेत्र दाखवीत: ९८२० म्हणजे मुंबई, ९८२२ म्हणजे उर्वरित महाराष्ट्र व गोवा, ९४२२ म्हणजे याच सेवाक्षेत्रातील भारत संचार निगम. आरंभी सर्व क्रमांक ९ ने सुरू होत. ते अपुरे पडल्यावर ८, मग ७ आणि ६ खुले करण्यात आले.

२००३ च्या राष्ट्रीय क्रमांकन योजनेत २०३० पर्यंत ७५ कोटी जोडण्यांचा अंदाज धरला होता. २०१० संपण्यापूर्वीच एकूण जोडण्या त्यापलीकडे गेल्या.

क्रमांकाचा उरलासुरला अर्थ क्रमांक-सुवाह्यतेने, म्हणजे पोर्टेबिलिटीने, पुसून टाकला. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची ही सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात व २० जानेवारी २०११ रोजी देशभर सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून सेवाक्षेत्र बदलले तरी क्रमांक कायम ठेवता येऊ लागला. आता ९४२२ ने सुरू होणारा क्रमांक कोणत्याही कंपनीचा असू शकतो. असा क्रमांक फिरवल्यावर यंत्रणा प्रथम मध्यवर्ती नोंदीत पाहते, की तो सध्या कोणाकडे आहे. तेथून मिळालेला एक मार्गदर्शक संकेत क्रमांकामागे जोडला जातो आणि फोन त्यानुसार जातो. पुढे त्या कंपनीच्या नोंदवहीतून फोनधारक कोणत्या भागात आहे हे शोधले जाते. आर्णीत घेतलेला क्रमांक पुण्यात नोकरीस गेलेल्या मुलाच्या खिशात वाजतो तो असा. मार्ग दाखवण्याचे जे काम पूर्वी क्रमांकाचे अंक करीत, ते आता पडद्यामागील नोंदवही करते.

विशेष क्रमांक

१ ने सुरू होणारे लघुक्रमांक सेवांचे आहेत: आणीबाणीसाठी ११२, पोलीस १००, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, बालकांसाठी १०९८, सायबर आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३०. १८०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांचा आकार फोन करणाऱ्यास पडत नाही. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ही मालिका असून, बँका व तत्सम संस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६० ही मालिका २०२४ मध्ये राखून ठेवण्यात आली. यंत्रांनी यंत्रांशी बोलण्यासाठी (उदा. वीजमीटर, वाहनांतील उपकरणे) तेरा अंकी क्रमांक २०१८ पासून वापरात आले.

क्रमांकावरून काय ओळखता येत नाही

'क्रमांक महाराष्ट्राचा दिसतो, म्हणजे माणूस इकडचाच' हा तर्क आता टिकत नाही. क्रमांक ज्या सेवाक्षेत्रात मूळ दिला गेला, तेवढेच फार तर कळते. पडद्यावर +९१ दिसल्याने फोन भारतातूनच आला हेही सिद्ध होत नाही. परदेशातून आलेल्या फोनवर भारतीय क्रमांक दाखवण्याची लबाडी केली जाते आणि असे फोन अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये वेगळी यंत्रणा उभारली. बँकेतून बोलतो असे सांगणारा साधा दहा अंकी क्रमांक आणि १६० मालिकेतील क्रमांक यांतील फरक तेवढा उपयोगी पडतो.

क्रमांक कायमचा आपलाच असतो हाही गैरसमज आहे. बंद झालेला भ्रमणध्वनी क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. जुना क्रमांक बँक खात्याशी किंवा आधारशी जोडलेला राहिल्यास त्यावरील संकेतसंदेश नव्या धारकाच्या हाती पडतात. वयस्कर मंडळी रिचार्ज न झाल्याने सिमकार्ड सोडून देतात आणि निवृत्तिवेतनाचे खाते मात्र त्याच क्रमांकाशी बांधलेले असते. तेथे हा धोका अधिक आहे. क्रमांक सोडण्यापूर्वी तो खात्यांवरून काढून घ्यावा. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते.

अलीकडील बदल

१५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीला फोन करताना आधी ० लावणे बंधनकारक झाले. पूर्वी स्थानिक ग्राहक क्रमांकाशी गोंधळ होऊ नये म्हणून भ्रमणध्वनी क्रमांक २, ३, ४ अशा अंकांनी सुरू करता येत नसत. आता आरंभीचे शून्यच दोहोंतील भेद दाखवते. यामुळे भविष्यासाठी सुमारे २५४ कोटी क्रमांक मोकळे होतील असा अंदाज होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) स्थिर दूरध्वनीचे क्रमांक लहान आकारणी क्षेत्राऐवजी संपूर्ण सेवाक्षेत्राच्या पातळीवर देण्याची, तसेच एका गावातल्या गावातही ० व संकेतांकासह पूर्ण क्रमांक फिरवण्याची शिफारस केली. अशा रचनेत यवतमाळसारख्या क्षेत्रांत पडून असलेले क्रमांक सेवाक्षेत्रात इतरत्र वापरता येतील. मात्र नव्या क्रमांकातील ७२३२ हे अंक वाचून तो यवतमाळचाच आहे, असे म्हणता येणार नाही.